सांभाळणे, ठेवणे, वगैरे

४ जून

प्रिय चिंगे,

बातमी बसून वाच. मला 'कीप' मिळालं!

आमच्या इंग्रजी-मराठी कोशाचा चौथा खंड सुरू झाला तेव्हापासून ऑफिसात सगळ्यांचा या क्रियापदावर डोळा होता. नामं काय गं, कोणालाही जमतात. किटली म्हणजे किटली. तासाभरात नोंद तयार आणि माणूस चहाला मोकळा. क्रियापद मात्र पिच्छा पुरवतं. त्यातून हे असलं, दिसायला एवढंसं, शाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात ते. इंग्रज माणूस कुत्रा कीप करतो, शब्द कीप करतो, गुपित कीप करतो, दुकानही कीप करतो, आणि आलेल्या माणसाला दारात ताटकळतही कीपच करतो. आपण कुत्रा पाळतो आणि शब्दही पाळतो, एवढंच काय ते साम्य. पुढे गुपित राखावं लागतं, दुकान चालवावं लागतं, दूध टिकावं लागतं. एका इंग्रजी शब्दामागे आपली डझनभर क्रियापदं धापा टाकत पळतात. आतापर्यंत मी वीसच्या वर अर्थ वेगळे काढलेत आणि अजून तळ लागलेला नाही.

तुझ्याकडे काम आहे. आमच्या मुख्य संपादकांना आम्ही पाठीमागे पूर्णविराम म्हणतो, कारण ते बोलले की पुढे कोणी बोलत नाही. त्यांचा दंडक असा, की कोशातलं उदाहरण बसल्या जागी रचायचं नाही. कोणीतरी, कुठेतरी ते वाक्य खरोखर म्हटलेलं किंवा लिहिलेलं पाहिजे. एका वाक्याला एक चिठ्ठी, आणि तिच्या कोपऱ्यात कोण आणि कुठे तेही हवं. रचलेलं वाक्य त्यांना बरोबर ओळखू येतं. म्हणतात, त्याला घामाचा वास येत नाही.

ऑफिसात जुनी पुस्तकं ढिगाने आहेत, पण त्यातली माणसं फक्त घोडे आणि नोकर कीप करतात. मला आजची, घरातली वाक्यं हवीत. तू शाळेत इंग्रजी शिकवतेस. पोरांची, मास्तरांची, तुझी स्वतःची, सापडतील ती चिठ्ठ्यांवर लिहून पाठव. वर इंग्रजी, खाली तुला सुचेल ते मराठी.

आईचं कसं काय? तिला सांग, मुलगा मोठ्या कामाला लागलाय.

तुझा,
दादा


१९ जून

प्रिय दादा,

अभिनंदन. आईला सांगितलं. ती म्हणाली, "एका शब्दाला एवढी माणसं लागतात?" मी म्हटलं, एका माणसाला किती लागतात ते आपल्या घरात बघ की.

आता तूही बसून वाच. आई न्हाणीघरात घसरून पडली हे तुला कळवलं होतं. तू उलट टपाली 'काळजी घ्या' असं लिहिलं होतंस. काळजी घेतली. हाड जुळलं, पण पाय भार घेत नाही. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात आणि परत, असं तिला दिवसभर उचलावं लागतं. हे पंपिंग स्टेशनवर पाळीला जातात. असले घरी तरी जावयाने उचललेलं तिला चालत नाही, अंग आखडून घेते. म्हणजे उचलायला मीच, मधल्या सुट्टीत शाळेतून धावत येऊनसुद्धा. हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत जन्म काढलेली बाई ती. अंगाखालची चादर बदलताना पडल्या पडल्या हुकूम सोडते. आधी मला कडेला वळव, गुंडाळी पाठीशी सार, आता दुसऱ्या कुशीवर घे. कोपरा पाकिटासारखा दुमडला नाही तर सगळं पुन्हा करायला लावते.

आणि माझं असं आहे, की माझी पिशवी काढायची आहे. रक्त फार जातं. डॉक्टरीणबाईंनी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. त्यानंतर तीन महिने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. आई तर लांबच.

तेव्हा सरळ विचारते. सप्टेंबर ते डिसेंबर आईला तू घेऊन जाशील का? हो किंवा नाही, एवढंच कळव. म्हणजे मला पुढचं ठरवता येईल.

तुझ्या चिठ्ठ्या सोबत आहेत. एक दुधाच्या पिशवीवरून घेतली: थंड जागी ठेवा. एक मुख्याध्यापिकाबाईंच्या सूचनेतली: वर्गात शांतता राखा. तिसरी माझी स्वतःची. आईचा कागद भरताना परदेशात शिकलेल्या डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, हिच्या मागे कोण आहे? मी म्हटलं, हिला हिची मुलगी सांभाळते. त्यात तुझं क्रियापद आपोआप आलं.

चिंगी


२ जुलै

प्रिय चिंगे,

अगं, सोनं पाठवलंस! दुधाची पिशवी आणि शांतता ठीक आहेत, पण तिसरी चिठ्ठी म्हणजे कमाल. 'सांभाळणे' हा अर्थ माझ्याकडे होता, उदाहरण मात्र नव्हतं. पूर्णविरामांनी चष्मा कपाळावर सारून वाचलं आणि म्हणाले, "याला वास आहे." इतकी स्तुती मी इतक्या वर्षांत ऐकलेली नाही. फक्त 'मुलगी' काढून त्यांनी 'नातेवाईक' घातलं. उदाहरणात आई, मुलगी, भाऊ असं कोणी आलं की वाचक हळवा होतो आणि अर्थ राहतो बाजूला, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटतं.

एक गंमत सांगतो. जुन्या इंग्रजीत याच क्रियापदाला 'काळजी वाटणे, पर्वा करणे' असा एक अर्थ होता. तो आता कोणी वापरत नाही. असा बंद पडलेला अर्थ आला की त्याच्या आधी छपाईत एक छोटासा खंजीर घालतात, म्हणजे वाचकाने समजायचं, हा मेला. तेवढ्या एका खंजिरासाठी मी अख्खी दुपार घालवली. तुझी वहिनी म्हणते, हा माणूस खंजिरावर जेवतो.

सप्टेंबरचं बघू. नाही म्हणत नाहीये मी. पण तिसरा मजला, लिफ्ट नाही, खोल्या दोन, आणि वहिनीचा मणका तुला माहीत आहे. त्यात खंड वर्षअखेरीच्या आत छापून बाहेर पडायचाय. तिथे दिवसभरासाठी एखादी बाई मिळते का बघ ना. आणि ऑपरेशनचं दुसऱ्या डॉक्टरलाही विचार. हल्ली उठसूट पिशव्या काढतात.

'ताटकळत ठेवणे' या अर्थाचं जिवंत वाक्य अजून नाही. सापडलं तर लगेच पाठव.

तुझा,
दादा


१५ जुलै

प्रिय दादा,

'बघू' या क्रियापदाचे किती अर्थ काढलेत तुम्ही? मला एकच माहीत आहे.

दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं. इतके दिवस काय करत होतात, म्हणून त्यांनी मलाच झापलं. बाईही ठेवून पाहिली. चांगली धडधाकट होती, पण आठवडाभरात गेली. आई तिला चादरीचे कोपरे शिकवत होती. जाताना ती मला म्हणाली, "ताई, म्हातारीचं अंग झेपेल हो, तोंड नाही झेपत." आईला मात्र त्या बाईबद्दल काही वाटलं नाही. तिचं म्हणणं, आता दादा नेणारच आहे, मग परकी बाई हवी कशाला? मी तिला तुझं पत्र 'हो' असं वाचून दाखवलं होतं. माझंच चुकलं.

पोस्टमनच्या वेळेला ती खुर्ची खिडकीशी लावायला सांगते. मी उचलून बसवते. पोस्टमन पुढे गेला, की पुन्हा उचलून पलंगावर.

तुझ्या खंजिराची गंमत तिला सांगितली. तिने विचारलं, "मग आता काळजी वाटली तर काय म्हणतात ते लोक?"

तुझी चिठ्ठी सोबत आहे. वाक्य: 'तो आपल्या आईला जूनपासून ताटकळत ठेवतो आहे.' कोण: आईची मुलगी. कुठे: स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, कारण उभं राहवत नव्हतं.

हो की नाही?

चिंगी


२४ ऑगस्ट

प्रिय चिंगे,

उत्तराला उशीर झाला, कान धरतो. मधल्या दिवसांत प्रुफं आली. ती आली की घरात माणूस मेला तरी वाचून संपवावी लागतात.

तुझं ताटकळणारं वाक्य झोंबलं. झोंबावं म्हणूनच लिहिलंस, हे न कळण्याइतका मी ठोंब्या नाही. दोन दिवस चिठ्ठी खिशात घेऊन फिरलो. पण वाक्य म्हणून इतकं अचूक आहे, की टाकवेना. आईच्या जागी गिऱ्हाईक घातलं, 'जूनपासून'च्या जागी 'तासभर', आणि घेतलं.

तर ऐक. हो! आईला आम्ही ठेवून घेऊ. वहिनीशी बोललो. गॅलरीला काचा लावून घेतल्यात, तिथे पलंग बसतो. उजेड भरपूर आहे आणि खालचा रस्ता दिसतो, आईचा वेळ जाईल. तिसऱ्या मजल्यावर न्यायला ऑफिसातले दोघे शिपाई येतो म्हणालेत, खुर्चीत बसवून नेऊ. सात सप्टेंबरला, रविवारी, सकाळच्या गाडीने मी येतो. दुपारी तिला घेऊन निघेन. तू बिनघोर ऑपरेशन करून घे.

आईचं एखादं वाक्य मिळालं तर बघ ना. 'राखून ठेवणे' या अर्थाला नीट उदाहरण नाही. आपल्या आईचं वाक्य कोशात गेलं तर काय बहार येईल!

तुझा,
दादा


१ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा वर्ग चालू होता. पोस्टमनने ते शाळेतच टाकलं, शिपायाने वर्गात आणून दिलं. मी फळ्याकडे तोंड करून वाचलं, कारण पोरांसमोर बाईंनी रडणं बरं दिसत नाही.

'ठेवून घेऊ' असं लिहिलंस. ठेवून सामान घेतात रे. पण भांडत नाही. तू ने तिला, मग कुठलंही क्रियापद लाव.

आईच्या अंगात वारं शिरलंय. केस कापून घेतले, अगदी मानेपर्यंत. वहिनीला वेणीचा ताप नको म्हणून. आयुष्यभर जपलेले केस, न्हाव्याने कागदात गुंडाळून दिले तर म्हणाली, फेकून दे. तीन चादरी आपल्या हाताने घडी करून पिशवीत घातल्या. वहिनीच्या घरच्या कशा असतील सांगता येत नाही म्हणाली. वहिनीला हे सांगू नकोस. यांना बोलावून, आपण होऊन, तिने उचलायला लावलं. आता खुर्चीत बसवून शिपाई नेणार, तर परक्या पुरुषाच्या हातांची सवय व्हायला हवी म्हणे. जावई आधी, मग शिपाई!

दादा, हे तीन महिने आपण नीट पार पाडले ना, तर पुढे काय ते पुढे बघू. बघ, मीपण 'बघू' म्हणायला लागले.

आईचं वाक्य घे. काल रात्री जेवताना मराठीत म्हणाली, इंग्रजी माझं. तू त्या दिवशी थकून येणार, निघण्याआधी जरा पडशील, म्हणून: 'खिडकीजवळची जागा मी मुलासाठी राखून ठेवली आहे.' कोण: आई. कुठे: पलंगावर, भिंतीकडे सरकून.

रविवारी वाट पाहते.

चिंगी


८ सप्टेंबर

प्रिय चिंगे,

तुला तोंड दाखवायला जागा नाही. शनिवारी संध्याकाळी, मी पिशवी भरून ऑफिसातून निघत होतो आणि पूर्णविरामांनी बोलावलं. 'कीप'ची सगळी नोंद परत. अर्थांचा क्रम त्यांना बदलून हवाय. मी 'ठेवणे' आधी घेतलं होतं आणि 'सांभाळणे' नंतर. ते म्हणतात 'सांभाळणे' मूळ, बाकीचं त्यातून फुटलं. म्हणजे सगळे आकडे बदलणार, सगळे संदर्भ बदलणार. छापखाना थांबून राहिलाय. रविवारी अख्खा दिवस ऑफिसात होतो. फोन करायला तुझ्या शेजाऱ्यांचा नंबर शोधला, तो मिळाला नाही.

फार तर दोन आठवडे. ऑपरेशन तेवढं पुढे ढकलता येईल का? डॉक्टरीणबाई समजून घेतील. आईला समजावून सांग, ती रागावणार नाही. नोकरी म्हणजे काय ते तिला माहीत आहे.

तिचं वाक्य अप्रतिम आहे. पूर्णविरामांनी दोनदा वाचलं.

तुझा,
दादा


३० ऑक्टोबर

प्रिय चिंगे,

मधे मी दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. रागावलीस ना? रागाव. पण खुशाली तरी कळव. ऑपरेशन कधीचं ठरलं? क्रम बदलून झाला, मग पुढच्या नोंदीत अडकलो. वहिनी रोज विचारते, त्या गॅलरीचं काय करायचं? तूर्त तिथे प्रुफांचे गठ्ठे ठेवलेत. आई आली की एका दिवसात हलवीन.

दादा


२९ नोव्हेंबर

प्रिय चिंगे,

सोबतच्या पार्सलात चौथा खंड आहे. पहिल्या दहा प्रतींतली एक. 'कीप'ची नोंद साडेतीन पानं झाली आहे, आजवरच्या कुठल्याच मराठी कोशात इतकी नाही. प्रस्तावनेत शेवटी बघ: 'संपादकांच्या भगिनी, शिक्षिका, यांनी पुरवलेल्या जिवंत उदाहरणांबद्दल आभार.' आणि आईचं वाक्य आत गेलंय! तिला पान काढून दाखव. तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला लिही.

मी आता मोकळा आहे. कधी येऊ ते सांग. या वेळी नक्की.

तुझा,
दादा


१२ डिसेंबर

दादा,

खंड पोचला. पोस्टमन म्हणाला, काय विटा मागवल्यात का?

सात सप्टेंबरला आईला पहाटे आंघोळ घातली, धुतलेलं पातळ नेसवलं आणि खुर्चीत बसवलं. सकाळची गाडी येऊन गेली. दुपारची येऊन गेली. संध्याकाळपर्यंत तिने पलंगावर येऊ दिलं नाही. पातळ चुरगळेल म्हणाली. दिवे लागल्यावर स्वतःच म्हणाली, "घे उचलून."

तुझं पत्र आल्यावर मी तारीख पुढे ढकलली. का ढकलली, कोण जाणे. तू लिहिलंस म्हणून. आणखी काही दिवस तिला उचलत राहिले आणि एक दिवस वर्गात, फळ्यावर लिहिता लिहिता खाली बसले. पुढच्या बाकावरच्या पोरीने रक्त बघून किंकाळी फोडली, तेवढं आठवतं. ऑपरेशन मग त्याच रात्री करावं लागलं. वाचले. रक्ताच्या बाटल्यांसाठी यांना गावभर फिरावं लागलं, आणि घरी आई एकटी. यांनी शेवटी तिला तिच्याच जुन्या हॉस्पिटलात नेलं. मागच्या बाजूला बायकांची एक खोली आहे, घरून न्यायला कोणी येत नाही अशांची. आई नोकरीला होती तेव्हा तिथल्या चादरी तीच पाठवायची. दोनचार दिवसांसाठी म्हणून ठेवली. माझे टाके उसवले, पुन्हा घातले, मला अजून भांडं उचलायची परवानगी नाही. ती तिथेच आहे.

तुझी मधली पत्रं मिळाली होती. उत्तरात लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मी एक दिवसाआड जाते. पहिल्या पहिल्यांदा ती नर्सना चादरीच्या कोपऱ्यांवरून बोलायची. आता बोलत नाही. कशाही घाला, म्हणते. मला त्याचीच भीती वाटते. एकदा म्हटलं, आई, दादाला बोलावू? तर म्हणाली, त्याचं काम संपू दे.

काल खंड घेऊन गेले. तू लिहिलं होतंस म्हणून. तिने पुस्तक दोन्ही हातांनी चाचपलं, मांडीवर पेलवेना तेव्हा पोटावर ठेवून घेतलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला सांगितलं, "माझ्या मुलाने केलंय." मग मला म्हणाली, "यात माझं कुठलं?"

मी साडेतीन पानं वरपासून खालपर्यंत शोधलं. सापडलं. 'हॉटेलच्या व्यवस्थापकाने पाहुण्यासाठी खिडकीजवळची जागा राखून ठेवली.'

दादा, हे तिला काय वाचून दाखवू? ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पानावर बोट ठेवलं आणि वाचलं, "मुलाने आईला शेवटपर्यंत सांभाळलं."

तिने माझ्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे मी कधी म्हटलं?"

तिने पुस्तक मिटलं, उशीखाली सरकवायला लावलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "छापलंय ना? मग राहू दे."

तुमच्या पूर्णविरामांना सांग, त्यांच्या खंडातून मी एक रचलेलं वाक्य वाचलं आणि आमच्या आईने ते एका झटक्यात ओळखलं. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही.

कधी येऊ, असं विचारलंस. भेटायची वेळ चार ते सहा. आई आता फार हलकी झाली आहे. शिपाई लागले नसते. तिसऱ्या मजल्यावर तू एकट्याने नेली असतीस.

चिंगी